भान सुटते तेव्हा

फळ्यावर उदाहरण चालू असते, वर्ग भरलेला असतो, आणि तिसऱ्या बाकावरची मुलगी समोर पाहत असूनही तिथे नसते. पहिली हाक तिच्यापर्यंत पोचत नाही. दुसऱ्या हाकेला ती दचकते. "आत्ता काय सांगितलं?" या प्रश्नाला तिच्याकडे उत्तर नसते. हा अनुभव प्रत्येक शिक्षकाला आलेला असतो आणि बहुतेक वेळा त्यात काळजीचे काही नसते. मूल दिवास्वप्न पाहत असते, किंवा रात्री झोप झालेली नसते.

पण एखाद्या मुलाच्या बाबतीत हे वरचेवर घडू लागते. हाक मारूनही ते लवकर परत येत नाही. मधल्या वेळेतले त्याला काही आठवत नाही. कधी ते म्हणते, "सर, हात माझे नाहीत असं वाटतं." अशा मुलाबद्दल शिक्षकखोलीत साधारण तीन मते ऐकू येतात : लक्ष नाही, नाटक करते, किंवा 'बाहेरचं काहीतरी' असावे. चौथी शक्यता फारशी कुणाला सुचत नाही. मानसशास्त्रात तिला 'डिसोसिएशन' म्हणतात. मराठी पुस्तकांत त्यासाठी वियोजन, विघटन असे निरनिराळे शब्द वापरले जातात. आपल्या बोलीत मात्र त्यासाठी नेमके शब्द आधीपासूनच आहेत : भान हरपणे, भान सुटणे आणि भानावर येणे. या लेखात आपण तेच वापरू.

ही चौथी शक्यता ओळखता आली, तर मुलाचा मार चुकतो, मांत्रिकाकडची फेरी चुकते आणि कित्येकदा पुढचे मोठे दुखणेही टळते.

भान ही अनेक पदरांची दोरी

भान ही एकच एक वस्तू आहे असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात तिच्यात अनेक पदर असतात : भोवतालच्या गोष्टींची जाणीव, स्वतःच्या शरीराची जाणीव, भावना, आठवण, हालचालींवरचा ताबा, आणि 'हे सगळे मलाच घडते आहे' ही खूण. मेंदू हे पदर क्षणोक्षणी एकत्र वळत असतो.

पदर थोडे सैल होण्याचा अनुभव सर्वांनाच असतो. घाटकोपरहून धीम्या गाडीने ठाण्याकडे निघालेला माणूस विचारात गढतो. विक्रोळी, कांजूरमार्ग, भांडुप येतात आणि जातात. मुलुंड आले की तो एकदम दाराकडे धावतो. मधल्या वेळेत तो उभा होता, गर्दीत तोल सांभाळत होता, कदाचित शेजाऱ्याला जागाही देत होता. शरीर आपले काम करत होते, पण आठवणीचा पदर बाजूला पडला होता. कादंबरी वाचताना दाराची घंटा ऐकू न येणे, भजनात तल्लीन होणे ही याचीच सौम्य आणि सुखद रूपे आहेत.

वर्गात एक छोटा प्रयोग करून पाहा. 'घागर' हा शब्द सर्वांनी मोठ्याने, भराभर, चाळीस वेळा म्हणायचा. थोड्या वेळाने तो शब्द विचित्र वाटू लागतो, नुसता आवाज उरतो. कान तेच, अक्षरे तीच, अर्थही ठाऊक आहे. फक्त ओळखीची भावना गळून पडली. यावरून एक महत्त्वाची गोष्ट कळते. एखादी गोष्ट 'कळणे' आणि ती 'ओळखीची वाटणे' ही मेंदूची दोन वेगळी कामे आहेत. शब्दाची ओळख काही क्षणांत परत येते. पण हीच ओळख स्वतःच्या हातावरून, आवाजावरून, आरशातल्या चेहऱ्यावरून किंवा रोजच्या रस्त्यावरून उतरली तर? भान सुटलेले मूल नेमके हेच सांगत असते.

धोक्याच्या वेळी काय होते?

संकट आले की प्राणी लढतो किंवा पळतो. लढता येत नाही आणि पळताही येत नाही, तेव्हा तो थिजतो. माणसाच्या बाबतीत थिजण्याबरोबर आणखी एक गोष्ट घडते : शरीर जागीच राहते आणि मन दूर सरकते.

घाटकोपरच्या शिक्षकांना संकटांची ओळख करून द्यायला नको. १२ जुलै २००० रोजी आझादनगरच्या वस्तीवर टेकडीची दरड कोसळली आणि सत्तरच्या आसपास माणसे दगावली. २ डिसेंबर २००२ रोजी स्टेशनबाहेर बेस्टच्या बसमध्ये स्फोट झाला. २५ जुलै २०१७ रोजी चार मजली सिद्धीसाई इमारत पडली आणि १७ जण गेले. १३ मे २०२४ च्या वादळात पंतनगरजवळच्या पेट्रोलपंपावर प्रचंड जाहिरातफलक कोसळला. त्यातही १७ जणांचा जीव गेला. अशा प्रसंगातून वाचलेली माणसे जगभर जवळपास सारख्याच शब्दांत बोलतात : आवाज बंद झाला, सगळे सिनेमासारखे संथ झाले, मी मलाच दुरून पाहत होतो, दुखले मात्र नाही. त्या क्षणी ही मनाची ढालच असते.

मेंदूत काय घडते याचा काही अंदाज आता आला आहे. भीतीची सूचना देण्यात अमिग्डाला या बदामाच्या आकाराच्या भागाचा मोठा वाटा असतो. कपाळामागचा पुढचा भाग तिच्यावर लगाम ठेवतो. भान सुटलेल्या अवस्थेत हा लगाम प्रमाणाबाहेर आवळला जातो असे दिसते. भीती दबते, पण तिच्याबरोबर इतर भावना आणि शरीराची जाणीवही दबते. ज्यांना आपण स्वतःपासून तुटल्यासारखे सतत वाटते, अशा लोकांना प्रयोगात भयंकर चित्रे दाखवली, तेव्हा त्यांच्या त्वचेवर घामामुळे होणारा विद्युत बदल इतरांपेक्षा कमी आढळला.

घरातल्या फ्यूजची उपमा इथे चपखल बसते. वीज अचानक वाढली की फ्यूज उडतो आणि घर वाचते. पण पुढे नुसता पंखा लावला तरी फ्यूज उडू लागला, तर संरक्षणाचीच अडचण होते. मुलांच्या बाबतीत असेच होते. दरड आणि स्फोट क्वचित घडतात. त्याहून कितीतरी अधिक वेळा कारण घरातच असते : दारूच्या नशेत होणारी मारहाण, लैंगिक अत्याचार, आईचा किंवा वडिलांचा मृत्यू, रोजची भांडणे. घरात दहा बाय दहाची एकच खोली असते, तेव्हा मुलाला पळायला जागा नसते. मग ते मनाने पळते आणि ही सवय शाळेतही त्याच्याबरोबर येते. मोठ्याने ओरडलेला शब्द किंवा उगारलेला हात एवढेही फ्यूज उडायला पुरते.

एका शिक्षकाने घातलेला पाया

या विषयाचा पाया घालणारा पिएर जाने हा फ्रेंच माणूस शाळेत तत्त्वज्ञान शिकवत होता. ल हाव्र या बंदरगावी नोकरी करताना तो तिथल्या रुग्णालयातल्या रुग्णांचा अभ्यास करी. १८८९ साली त्याने आपले निष्कर्ष ग्रंथरूपाने मांडले. त्याचे म्हणणे असे : तीव्र भावनेच्या तडाख्यात अनुभव एकत्र बांधण्याची मनाची ताकद कमी पडते. न बांधलेले तुकडे नाहीसे होत नाहीत. ते बाजूला राहतात आणि पुढे आपोआप परत येतात, कधी झटक्याच्या रूपात, कधी बधिरपणाच्या, कधी वाचा बसण्याच्या. त्या काळी या सगळ्याला 'हिस्टेरिया' म्हणत. वैद्यकाने ते नाव आता टाकून दिले आहे, आपणही टाकावे.

सिनेमांमुळे लोकांना एका शरीरात दोन-तीन व्यक्तिमत्त्वे असण्याचा प्रकार तेवढा ठाऊक असतो. आपल्याकडच्या दवाखान्यांत तो फार क्वचित दिसतो. अधिक दिसतात ते झटके, शुद्ध हरपणे, हातापायातले बळ जाणे, आवाज बंद होणे आणि अंगात येणे.

सुरुवातीच्या खुणा

खालील खुणांपैकी एखादी एकदा दिसली म्हणून घाबरू नये. त्या पुन्हापुन्हा दिसतात का, आणि मुलाच्या अभ्यासात, खेळात, मैत्रीत अडथळा आणतात का, हे पाहावे.

१. नजर एका जागी खिळते, चेहरा भावशून्य होतो, उत्तर फार उशिरा आणि सपाट आवाजात येते.
२. "सगळं काचेतून बघितल्यासारखं वाटतं", "आवाज लांबून येतो", "मी खरी आहे का?" असे उद्गार.
३. मधल्या वेळेची आठवण नसणे. वही स्वतःच्या अक्षरात लिहिलेली असते, पण लिहिल्याचे आठवत नाही. इतरांना हे खोटे बोलणे वाटते.
४. खरचटले, भाजले तरी लक्षात न येणे.
५. कालपर्यंत येणारी गोष्ट आज अजिबात न येणे आणि परवा पुन्हा येणे.
६. ठरावीक वेळी, ठरावीक व्यक्तीसमोर किंवा ठरावीक विषय निघाला की हे सारे घडणे.

स्वतःपासून तुटल्याची भावना बहुधा किशोरवयात सुरू होते. क्षणभर ती पुष्कळांना येऊन जाते; कायम ठाण मांडून बसण्याचे प्रमाण शंभरात एक-दोन इतके धरले जाते. असे मूल "मी रोबोट झालो" म्हणत नाही, "रोबोट झाल्यासारखं वाटतं" म्हणते. हा 'सारखं' महत्त्वाचा आहे, कारण वास्तवाची पारख शाबूत असल्याची ती खूण असते. तरीही मुलाला मनातून वाटत असते की आपल्याला वेड लागत आहे, आणि म्हणून ते कुणाला सांगत नाही. "हे पुष्कळांना होतं, याला नाव आहे, तुला वेड लागलेलं नाही" एवढे वाक्य विश्वासातल्या माणसाकडून ऐकले, तरी निम्मी भीती उतरते.

आधी शरीराची तपासणी

सगळेच हरवणे मनाचे नसते. फेफऱ्याचा एक सौम्य प्रकार लहान मुलांत, बहुधा चार ते दहा या वयात सुरू होतो. मूल वाक्याच्या मध्येच थांबते, पाच ते वीस सेकंद टक लावते, पापण्या फडफडतात आणि काहीच घडले नसल्यासारखे ते पुढे बोलू लागते. दिवसात असे अनेकदा होते. त्या सेकंदांत हाक मारून किंवा हात लावून ते परत येत नाही. दुसऱ्या एका प्रकारात मूल ओठ चाटते, कपड्यांशी चाळा करते आणि नंतर थोडा वेळ गोंधळलेले राहते. भान सुटण्याचा प्रकार सहसा अधिक वेळ चालतो, त्यामागे काही निमित्त सापडते आणि शांत आवाजाने मूल हळूहळू परत येते. पण हा फरक ढोबळ आहे. एकाच मुलाला दोन्हीही असू शकतात. निदान डॉक्टरांनी करायचे. मेंदूचा आलेख, म्हणजे ईईजी, त्यासाठी उपयोगी पडतो. उपाशीपोटी येणे, रक्तक्षय, अपुरी झोप, कमी ऐकू येणे आणि गांजासारखी नशा याही शक्यता पाहाव्या लागतात.

शिक्षकाची खरी मदत म्हणजे नोंद. तारीख, वेळ, आधी काय चालले होते, किती सेकंद किंवा मिनिटे गेली, हाकेला प्रतिसाद मिळाला का, नंतर मूल कसे होते. अशा पंधरा दिवसांच्या नोंदी डॉक्टरांना फार उपयोगाच्या असतात.

भानावर कसे आणावे?

भान सुटलेले मन भूतकाळात किंवा कुठेच नसलेल्या जागी असते. त्याला 'आत्ता' आणि 'इथे' परत आणायचे असते. त्यासाठी सगळ्यात जवळचे साधन म्हणजे ज्ञानेंद्रिये.

समोरून, मुलाच्या उंचीला येऊन, हळू आवाजात बोलावे. "तू शाळेत आहेस. आज मंगळवार आहे. मी तुझी बाई आहे. इथे तुला कुणी काही करणार नाही." मागून येऊन खांदा हलवू नये, न विचारता स्पर्श करू नये. ज्या मुलाला स्पर्शानेच इजा झाली आहे, त्याचे भान स्पर्शाने आणखी सुटते.

मग सोपी कामे द्यावीत. "दोन्ही पाय जमिनीवर दाब. बाकाची कड हाताने धर. दिसणाऱ्या पाच वस्तूंची नावं सांग." नंतर ऐकू येणारे तीन आवाज विचारावेत. घाटकोपरच्या वर्गात ते शोधावे लागत नाहीत : लोकलचा भोंगा, डोक्यावरून विमानतळाकडे उतरणारे विमान, शेजारच्या वर्गातले पाढे. गार पाण्याचा पेला हातात देणे, चेहऱ्यावर पाणी मारायला सांगणे, आवळासुपारीची फोड चघळायला देणे यांचाही उपयोग होतो. सातचा पाढा उलटा म्हणायला सांगितला, तर मन आपोआप वर्तमानात येते.

इथे दोन चुका टाळाव्यात. पहिली, "डोळे मीट आणि शांत हो" असे सांगणे. डोळे मिटले की बाहेरचा आधार सुटतो आणि मूल अधिकच आत जाते. डोळे उघडेच असू द्यावेत. दुसरी, भराभर खोल श्वास घ्यायला लावणे. जोरजोरात श्वास घेतल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, मेंदूकडच्या रक्तवाहिन्या आकसतात, हातपाय मुंग्यावतात आणि जग आणखीच खोटे वाटू लागते. श्वास संथ हवा, आणि बाहेर सोडणे आत घेण्यापेक्षा लांब हवे.

मूल परत आल्यावर लगेच "काय झालं होतं?" म्हणून खोदू नये. पाणी द्यावे, थोडा वेळ बसू द्यावे, आणि जमेल तेव्हा रोजच्या कामात सामावून घ्यावे. मूल शांत असताना ही युक्ती त्याला आधीच शिकवून ठेवली, तर सुरुवातीची खूण जाणवताच ते स्वतःच ती वापरू शकते. एखादी खडबडीत शिंपली किंवा दगड खिशात ठेवणे, हाही साधा उपाय आहे.

झटका आला तर गर्दी हटवावी. डोक्याखाली दप्तर किंवा ओढणी द्यावी, जवळच्या टोकदार वस्तू दूर कराव्यात, झटके थांबले की कुशीवर वळवावे. तोंडात चमचा घालू नये. कांदा किंवा चप्पल हुंगवू नये. पहिलाच झटका असेल, तो पाच मिनिटांहून लांबला, किंवा श्वासाला त्रास होत असेल, तर १०८ ला फोन करावा. हे 'खरे' फेफरे की मनाचे, याचा निवाडा तिथे करत बसू नये. मनाचे झटकेही मूल मुद्दाम आणत नाही. एकापाठोपाठ अनेक मुली बेशुद्ध पडू लागल्या, तर त्यांना वेगवेगळ्या खोल्यांत नेऊन शांतपणे तपासावे. आरडाओरड आणि बघ्यांची गर्दी यांनीच हा प्रकार पसरतो.

पुढे कुणाकडे?

आधी पालकांशी बोलावे, पण दोषारोपाच्या सुरात नको. मात्र धोका घरातच असल्याचा संशय असेल, तर पालकांना कळवण्याआधी विचार करावा. मुलाने लैंगिक अत्याचार सांगितला, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. मुलाला उलटतपासणीसारखे प्रश्न विचारणे हे आपले काम नाही. १०९८ ही मुलांसाठीची मदतवाहिनी आहे. मानसिक त्रासासाठी १४४१६ ही 'टेलिमानस' सेवा २०२२ पासून सुरू आहे आणि तिथे मराठीत बोलता येते.

घाटकोपरच्या शाळांना राजावाडी रुग्णालय जवळचे. शारीरिक तपासणी तिथून सुरू करता येते. सायन आणि केईएम या महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत. मुंबईत मुलांच्या मनाची स्वतंत्र विचारपूस करण्याची परंपराही जुनी आहे. आज देवनारला असलेल्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने १९३७ सालीच, शहरात दुसरीकडे असताना, बाल मार्गदर्शन केंद्र सुरू केले होते.

उपचारांत मुख्य भाग बोलण्याचा असतो. आधी सुरक्षितता, मग भानावर राहण्याची कौशल्ये, आणि बळ आल्यावर सावकाश जुन्या आठवणींना भिडणे, असा क्रम असतो. भान सुटण्यावर म्हणून वेगळे औषध नाही. सोबत नैराश्य किंवा चिंता असेल, तर डॉक्टर त्यासाठी औषध देतात.

अंगात येण्याबद्दल दोन शब्द

जत्रेत, आरतीत एखाद्याच्या अंगात येते, सगळे ते मान्य करतात, आणि थोड्या वेळाने तो माणूस कामाला लागतो. जागतिक आरोग्य संघटनेची आजची वर्गवारीही अशा प्रथेतल्या, त्रास न देणाऱ्या अनुभवाला आजार मानत नाही. पण नववीतल्या मुलीच्या अंगात दर आठवड्याला येत असेल, ती नंतर थकून पडत असेल, शाळा बुडत असेल, तर तिला मदत हवी आहे. कित्येकदा जे स्वतःच्या तोंडाने बोलायची सोय नसते, ते ती अंगात आलेल्याच्या तोंडून बोलत असते. काय बोलते, ते नीट ऐकावे. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारणे, बांधून ठेवणे, मिरचीची धुरी देणे हा २०१३ च्या महाराष्ट्राच्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. त्याने मुलीच्या दुःखात आणखी एका आघाताची भर पडते आणि तिचे भान आणखी सहज सुटू लागते. घरच्यांच्या श्रद्धेशी वाद न घालता "देवाचं तुम्ही करा, पण एकदा डॉक्टरांना दाखवू या" असे म्हटले, तर बहुतेक पालक ऐकतात.

शिक्षकाने मानसोपचारतज्ज्ञ व्हावे अशी अपेक्षा नाही. पण दिवसाचे पाच-सहा तास मुलाला सलग पाहणारा दुसरा मोठा माणूस अनेकदा नसतोच. ज्या मुलाचे घर भरवशाचे नाही, त्याच्यासाठी ठरल्या वेळी वाजणारी घंटा, ठरलेला बाक आणि न ओरडणारा एक आवाज हेच भानावर राहण्याचे सर्वांत मोठे साधन असते. म्हणून पुढच्या वेळी तिसऱ्या बाकावरून उत्तर आले नाही, तर खडू फेकून मारण्याआधी जवळ जावे आणि हळू आवाजात विचारावे, "काय गं, कुठे आहेस?"